छोट्या शहरातल्या चोऱ्या मोजायच्या कशा?

2011 च्या जनगणनेत पंढरपूर शहराची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी आत होती. आषाढीला त्याच शहरात दहा लाखांच्या वर माणूस उतरतो. चंद्रभागेच्या वाळवंटात, दर्शनबारीत, एसटी स्टँडवर त्या चार-पाच दिवसांत जे खिसे कापले जातात, जी मंगळसूत्रं तोडली जातात, जे मोबाइल गायब होतात, ते सगळं पंढरपूरच्या खात्यावर जमा होतं. चोरी झालेला माणूस नांदेडचा असेल, चोर आणखी कुठला असेल, पण गुन्हा जिथे घडला तिथला. मग वर्षाच्या शेवटी कुणी ‘दर लाख लोकसंख्येमागे चोऱ्या किती’ असं गणित मांडलं तर वर वारकऱ्यांच्या चोऱ्या आणि खाली फक्त पंढरपूरकरांची संख्या. भागाकार बरोबर, उत्तर निरर्थक. त्या उत्तरावरून कुणी म्हणेल की पंढरपुरात राहणाऱ्या माणसाला चोरांचा फार धोका आहे, तर ते महाद्वाराजवळच्या दुकानदाराला तरी पटायचं नाही.

पंढरपूरचं उदाहरण टोकाचं आहे, मान्य. पण कमी-जास्त प्रमाणात हीच अडचण प्रत्येक छोट्या शहराची असते. दर जानेवारीत जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक पत्रकार परिषद घेतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘चोऱ्यांमध्ये 20 टक्के घट’ किंवा ‘घरफोड्या दीडपट’. त्याच सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी बातमीच्या बरोबर उलटं सांगत असतो. बहुतेक वेळा दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं. ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात: एक घडलेल्या चोऱ्यांबद्दल, दुसरा नोंदलेल्या.

चोरी स्टँडवर होते, आकडा ठाण्यात जन्मतो

समजा, तुमचा पंधरा हजारांचा मोबाइल एसटीत चढताना गेला. तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात. ठाणे अंमलदारासमोर आता तीन वाटा आहेत. गुन्हा दाखल करून घ्यायचा, म्हणजे एफआयआर होते आणि गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. किंवा ‘साहेब, चोरला की पडला, नक्की सांगता येतं का?’ असं विचारून गहाळ झाल्याची नोंद करायची आणि दाखला द्यायचा. किंवा साधा तक्रार अर्ज घेऊन ‘चौकशी करतो’ म्हणायचं. चौथी वाट तुमची स्वतःची: ठाण्यात जायचंच नाही.

चोरीच्या आकड्यात यातली फक्त पहिली वाट मोजली जाते.

आणि गंमत अशी की दुसऱ्या वाटेवर दोन्ही बाजू खूश असतात. तुम्हाला नवं सिम कार्ड हवं असतं, फोन ब्लॉक करायचा असतो. त्याला गहाळ नोंदीचा कागद पुरतो. ठाण्याला न उलगडणारा आणखी एक गुन्हा डोक्यावर नको असतो. नोंदलेला प्रत्येक गुन्हा म्हणजे तपास, पंचनामा, महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये ‘याचं काय झालं?’ हा प्रश्न, आणि चोर सापडलाच नाही तर शेवटी ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल कोर्टात. ज्याच्या कामाचं मोजमाप ‘किती गुन्हे दाखल, किती उघडकीस’ या अपूर्णांकावर होतं, त्याला छेद लहान ठेवावासा वाटणं हा मनुष्यस्वभाव आहे. मी त्या खुर्चीत असतो तर मलाही वाटलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं की तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, पोलिसांना त्यात निवड नाही. तरीही वर्षावर्षातला, ठाण्याठाण्यातला फरक राहतोच. एखादा अधिकारी ‘आलेली प्रत्येक तक्रार घ्या’ म्हणतो आणि त्या वर्षी चोऱ्या दीडपट दिसतात. तो बदलून जातो, पुढचा वेगळा येतो, आकडे खाली उतरतात. चोरांना या बदल्यांचा पत्ताही नसतो.

दिल्लीत हे फार ठळकपणे दिसलं. तिथे 2015 मध्ये वाहनचोरीची तक्रार घरबसल्या ऑनलाइन करायची सोय झाली, पुढे ती इतर चोऱ्यांनाही लागू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत दिल्लीतल्या नोंदलेल्या चोऱ्या कित्येक पटींनी फुगल्या. तेवढे चोर दिल्लीत अचानक आले नव्हते. ठाण्यातल्या टेबलावर जे गळत होतं ते गळायचं थांबलं. केरळचा नोंदलेला गुन्हेदर बिहारपेक्षा वर्षानुवर्षं बराच जास्त असतो, यामागेही मोठं कारण हेच मानतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, स्वतःच्या वार्षिक अहवालात दरवर्षी हा इशारा देतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मथळे लिहिताना ते पान बहुधा उघडलं जात नाही.

काही देशांत म्हणून दोन तराजू ठेवतात. पोलिसांचा आकडा एकीकडे, आणि दुसरीकडे घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षभरात तुमच्याकडे चोरी झाली का? तक्रार केली का?’ असं विचारणारं सर्वेक्षण. अमेरिकेत ते 1973 पासून आणि ब्रिटनमध्ये 1982 पासून चालू आहे. एक तराजू वर जातोय आणि दुसरा खाली, असं दिसलं की कळतं, बदल चोऱ्यांत नाही, नोंदीत आहे. आपल्याकडे असं दरवर्षीचं देशव्यापी सर्वेक्षण नाही. आपल्याला एकाच तराजूवर भागवायचं आहे, म्हणून त्या तराजूचा काटा कुठे कुठे अडकतो ते नीट माहीत हवं.

पाच असले तर दरोडा

‘चोऱ्या’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. पोलिसांच्या तक्त्यात तो अनेक रकान्यांत विभागलेला असतो: दरोडा, जबरी चोरी, दिवसा घरफोडी, रात्री घरफोडी, वाहन चोरी, इतर चोरी. कुठली घटना कुठे जाईल याचे नियम कायद्याचे आहेत आणि ते आपल्या समजुतीशी जुळतीलच असं नाही.

पाच किंवा जास्त जणांनी मिळून लूट केली तर दरोडा. चौघे असले तर जबरी चोरी. रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी. डिसेंबरात संध्याकाळी साडेसहाला कुलूप तोडलं तर रात्रीची घरफोडी, मे महिन्यात त्याच वेळेला तोडलं तर दिवसाची. दार सताड उघडं होतं आणि कुणी आत येऊन टेबलावरचं पाकीट उचललं, तर ती घरफोडी नव्हेच, घरातली चोरी. कुलूप उघडलं किंवा खिडकीतून आत शिरला, तर घरफोडी.

त्यात 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. वर्षानुवर्षं बातम्यांत वाचून पाठ झालेले 379, 380, 392, 457 हे आकडे गेले. साधी चोरी आता 303, घरातली 305, जबरी चोरी 309, दरोडा 310. नुसते क्रमांक बदलले असते तर हरकत नव्हती, पण काही कप्पेच नवे झाले. हिसकावून नेणं, म्हणजे ज्याला आपण चेन स्नॅचिंग म्हणतो, त्याला कलम 304 असं स्वतःचं घर मिळालं. आधी हे गुन्हे कधी जबरी चोरीत, कधी साध्या चोरीत जात. तेव्हा 2025 च्या तक्त्यात ‘जबरी चोरी घटली’ असं दिसलं, तर आधी हे पाहायचं की घटलेले गुन्हे शेजारच्या रकान्यात जाऊन बसलेत का.

आणखी एक बारीक पण महत्त्वाचा बदल आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्यानं माल किंवा किंमत परत केलेली, अशा प्रकरणात शिक्षा आता समाजसेवेची आहे आणि कायद्याच्या परिशिष्टात हा प्रकार अदखलपात्र आहे. हेतू चांगलाच आहे. भुकेपोटी दुकानातला डबा उचलणाऱ्या पोराला तुरुंगात कशाला घालायचं? पण ठाणे अंमलदाराच्या टेबलावर यातून कोडं उभं राहतं. चोर अजून सापडलेलाच नाही, तर तो पहिल्यांदा दोषी ठरणार की दुसऱ्यांदा, माल परत देणार की नाही, हे आज कसं ठरवायचं? या कोड्याचं उत्तर प्रत्येक ठाण्यात सारखं निघेल असं मला वाटत नाही. आणि जिथे उत्तर ‘अदखलपात्र’ असं निघेल तिथे छोट्या चोऱ्यांचा आकडा आपोआप उतरेल.

मोजणीचा एक नियम तर ऐकायलाच विचित्र वाटतो. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर तेवढा एक मोजते. 24 मार्च 2012 च्या पहाटे रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला सुवर्णगणेशाच्या मंदिरावर दरोडा पडला. सोन्याची मूर्ती गेली, मंदिराच्या दोन रखवालदारांना जीव गमवावा लागला. मूर्ती वितळवली गेली होती. तिथे पुन्हा सुवर्णगणेश विराजमान व्हायला 2021 साल उजाडलं. कोकणातल्या कुणालाही विचारा, ती घटना आठवते. वर्षाच्या तक्त्यात ती ‘दरोडा: 1’.

म्हणजे लोकांच्या मनातला चोरीचा आलेख आणि कागदावरचा आलेख वेगवेगळ्या शाईनं काढलेले असतात. एक भयंकर घटना मनातला आलेख दहा वर्षं वर ठेवते. कागदावर ती एका रेघेएवढी.

आकडा छोटा, टक्का मोठा

आता गणित. घाबरू नका, वर्गमुळापलीकडे जायचं नाही.

समजा, एका लाखभर वस्तीच्या शहरात वर्षाला साधारण 64 घरफोड्या होतात. परिस्थितीत काहीही बदललं नाही, चोर तेवढेच, कुलपं तेवढीच, गस्त तेवढीच, तरी पुढच्या वर्षी आकडा बरोबर 64 येणार नाही. नाणं शंभरदा उडवलं तर दरवेळी पन्नासच छापे पडत नाहीत, तसंच. किती इकडेतिकडे होऊ शकतं याचा ढोबळ अंदाज असा: आकड्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. 64 चं वर्गमूळ 8, दुप्पट 16. म्हणजे 48 ते 80 या पट्ट्यात कुठलाही आकडा आला तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो.

आता बातमी करून पाहा. 64 वरून 80, ‘घरफोड्यांत 25 टक्के वाढ, नागरिक भयभीत’. 64 वरून 48, ‘पोलिसांच्या धडक कारवाईने घरफोड्यांत 25 टक्के घट’. दोन्ही मथळ्यांमागे कदाचित काहीच घडलेलं नाही. मोठ्या शहरात हा खेळ चालत नाही. वर्षाला 6,400 घरफोड्या असतील तर वर्गमुळाची दुप्पट 160, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. तिथे 25 टक्क्यांची उडी खरोखर काहीतरी सांगते.

छोट्या शहरात प्रत्यक्षात हा डगमगाट वर सांगितला त्याहून जास्तच असतो, कारण घरफोड्या एकेकट्या येत नाहीत. एक टोळी येते, बायपासलगतच्या नव्या कॉलन्यांत तीन आठवड्यांत दहा-बारा बंगले फोडते आणि निघून जाते. त्या वर्षीच्या आकड्याचा मोठा हिस्सा म्हणजे ते तीन आठवडे. ती टोळी दुसऱ्या जिल्ह्यात पकडली गेली आणि तिनं तुमच्या शहरातले गुन्हे कबूल केले की त्याच दिवशी ‘12 घरफोड्या उघडकीस’. उघडकीचं प्रमाण एका अटकेनं वीस टक्क्यांनी वर जातं.

यातून आणखी एक भ्रम तयार होतो, आणि तो अगदी शहाण्यासुरत्या माणसांनाही होतो. एखादं वर्ष फार वाईट गेलं की ओरड होते, अधिकारी बदलतो, गस्त वाढते, नाकाबंदी होते, चौकाचौकांत कॅमेरे लागतात. पुढच्या वर्षी आकडा उतरतो. उपाय लागू पडला! पण फार वर गेलेला आकडा पुढच्या वर्षी आपल्या नेहमीच्या पातळीकडे येतोच, काही केलं नसतं तरी बहुधा आला असता. सर्दीवर काढा घेतला आणि आठवड्यानं बरं वाटलं, यात काढ्याचं श्रेय किती, तोच प्रश्न. कॅमेरे निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. ते उपयोगी पडले हे सिद्ध करायला दोन वर्षांचे दोन आकडे पुरत नाहीत, एवढंच.

‘उघडकीस’ या शब्दाबद्दल जाता जाता. कुणाला पकडलं जातं यावरून चोर कोण असतात हे ठरवण्याची घाई आपल्याकडे फार जुनी आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून पुढे कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, पारधी त्यातलेच. तो कायदा 1952 च्या ऑगस्टमध्ये गेला, 31 ऑगस्ट हा दिवस म्हणून विमुक्त दिन. पण चोरी झाली की आधी कुणाच्या पालावर जायचं ही सवय कायद्याबरोबर गेली नाही. ज्यांच्याकडे आधी पाहिलं जातं तेच जास्त सापडतात, आणि जास्त सापडतात म्हणून पुन्हा त्यांच्याकडेच आधी पाहिलं जातं. अटकेचे आकडे म्हणून पोलिसांच्या पावलांचा नकाशा दाखवतात, चोरांच्या पावलांचा दाखवतीलच असं नाही.

शहर म्हणजे कुठपर्यंत?

सातारा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शहर येईल. 2011 मध्ये सातारा नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे 1 लाख 20 हजार लोक होते, आणि सातारा जिल्ह्यात 30 लाख. एनसीआरबीच्या तक्त्यांत ‘सातारा’ म्हणून जो आकडा सापडतो तो जिल्ह्याचा. वीस लाखांवरच्या 19 महानगरांचे तक्ते वेगळे असतात, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर. ज्यांना स्वतःचं पोलीस आयुक्तालय नाही अशा बाकी शहरांचे आकडे जिल्ह्याच्या पोटात.

मग ठाण्यांचे आकडे जोडावे म्हटलं तर ठाण्याची हद्द आणि नगरपालिकेची हद्द एक नसते. त्यात 2020 मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली आणि शाहूपुरीसारखा भाग नगरपालिकेत आला. काल जो चोर ‘शहराबाहेर’ होता तो आज जागेवरून न हलता ‘शहरात’ आला. याहून ठसठशीत उदाहरण पुण्याचं: 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं, पुणे शहर आणि पुणे ग्रामीणची काही ठाणी त्यात गेली. 2017 आणि 2019 चे ‘पुणे शहर’ शेजारी ठेवून घट काढणारा माणूस प्रत्यक्षात नकाशा वजा करत असतो.

लोकसंख्येचंही तेच. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे दर लाखामागचे सगळे दर 2011 च्या खुंटीला बांधलेल्या अंदाजांवर चालले आहेत. दरम्यान ज्या शहराभोवती एमआयडीसी फुगली, इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, त्याची खरी वस्ती कागदावरच्यापेक्षा बरीच पुढे गेलेली असते. छेद जुना, अंश ताजा. दर उगाच मोठा दिसतो.

मग खरोखर बदललं काय?

इथवर वाचून असं वाटेल की काहीच सांगता येत नाही. येतं. फक्त ‘किती’ या प्रश्नापेक्षा ‘काय, कुठे, केव्हा’ हे प्रश्न जास्त बोलके आहेत.

1979 मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक साधी गोष्ट मांडली. चोरी व्हायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात: चोरी करू इच्छिणारा, उचलण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव. देशात सुबत्ता येत असताना तिथे चोऱ्या का वाढल्या, याचं उत्तर त्यांनी यात शोधलं. बायकाही नोकरीला जाऊ लागल्या, घरं दिवसभर रिकामी राहू लागली, आणि वस्तू हलक्या पण महाग झाल्या.

आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला हे लावून पाहा. वाड्यात पाच बिऱ्हाडं असायची, दिंडी दरवाज्यातून कोण आलं-गेलं हे ओसरीवरच्या आजीला कळायचं. ती आजी म्हणजे शहरातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चौकस सुरक्षाव्यवस्था होती. तिला पगार नव्हता आणि ती दुपारी झोपतही नसे. वाडे पाडून अपार्टमेंट आली, तिथे शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते पाटीवरून कळतं. मुलं पुण्याला, आईवडील गावातल्या बंगल्यात, आणि नातवंडांच्या परीक्षेच्या वेळी तेही पुण्याला. महिनाभर बंद घर, अंगणात साचलेली पेपरांची भेंडोळी, दारात सुकलेली तुळस. कुलूप सांगत नसेल एवढं ती तुळस सांगते.

वस्तूंचंही तसंच झालं. एकेकाळी चोर तांब्याचे बंब, पितळी हंडे-कळश्या नेत. ओझं मोठं, पैसा बेताचा. मग सायकल, पुढे टीव्ही आणि व्हीसीआर. आज टीव्हीला हात कोण लावतो? वजनाला हलकं, ओळख पुसता येणारं आणि कधीही खपणारं सोनं सर्वांत वर, त्याच्या खाली मोबाइल आणि दुचाकी.

सोन्यामुळे ‘मुद्देमालाची किंमत’ हा आकडाही फसवतो. 2000 साली दहा ग्रॅम सोनं साडेचार हजारांच्या आसपास होतं, 2010 मध्ये साडेअठरा हजारांच्या आसपास, 2025 मध्ये लाखाच्या वर. दोन तोळ्यांचं तेच मंगळसूत्र 2000 मध्ये नऊ हजारांचा ऐवज होता, आता दोन लाखांहून जास्तीचा. एकही दागिना जास्त चोरीला न जाता ‘चोरीला गेलेल्या मालमत्तेची किंमत’ वीसपटीहून वर जाऊ शकते. त्यातून फिर्यादीत कधी खरेदीच्या पावतीवरचा भाव लावलेला असतो, कधी आजचा. रुपयांतला आलेख बाजूला ठेवावा. ग्रॅममधला मिळाला तर बघावा.

राखणदाराचं महत्त्व 2020 नं एका फटक्यात दाखवलं. मार्चअखेर टाळेबंदी लागली, सारा देश घरात बसला, म्हणजे प्रत्येक घराला राखणदार मिळाला आणि गर्दी संपल्यामुळे खिसेकापूंचं कामच थांबलं. 2019 मध्ये देशभरात चोरीचे सुमारे पावणेसात लाख गुन्हे नोंदले गेले होते, 2020 मध्ये ते पाच लाखांच्या आत आले. याचं दुसरं टोक: 2020 ला पाया धरून ‘2021 मध्ये चोऱ्यांचा भडका’ अशी बातमी कुणीही करू शकत होतं, आणि अनेक ठिकाणी झालीही.

ब्रिटनमध्ये मोटारींच्या चोऱ्या नव्वदच्या दशकापासून कोसळल्या, त्यामागे एक मोठं कारण इंजिनाला बसवलेलं कुलूप: मूळ किल्लीशिवाय गाडी सुरूच होत नाही अशी यंत्रणा 1998 पासून तिथे नव्या मोटारींना सक्तीची झाली. चोर सुधारले नाहीत, गाडी अवघड झाली. आपल्याकडच्या दहा-बारा वर्षं जुन्या बाइकचं कुलूप झिजून कुठल्याही किल्लीनं उघडतं, आणि छोट्या शहरात वाहन चोरी म्हणजे बहुतांशी दुचाकी चोरी. आठवडी बाजार, सरकारी दवाखाना, कोर्टाचं आवार आणि लग्नाचं कार्यालय, जिथे मालक दोन तास गुंतणार हे नक्की, तिथून गाडी जाते.

आणि सर्वांत मोठा बदल तर ‘चोरी’च्या तक्त्यात दिसतच नाही. कुलूप न तोडता, शहरात पाऊलही न ठेवता खात्यातून पैसे जातात. केवायसीचा फोन, वीज तोडण्याचा मेसेज, डिजिटल अटकेची धमकी. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर 2023 मध्ये जवळपास 16 लाख तक्रारी आल्या. एनसीआरबीच्या हिशेबात त्या वर्षी देशभरात नोंदलेले सायबर गुन्हे 86,420. टेबलावरची गळती याहून स्पष्ट कुठे दिसणार? सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे 2024 मध्ये सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम 22,800 कोटींच्या वर होती. निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी घरातल्या कपाटातून गेली असती तर घरफोडी, पहिल्या पानावर बातमी. मोबाइलवरून गेली तर वेगळा तक्ता, वेगळं पान. ‘शहरात चोऱ्या घटल्या’ हे वाक्य खरं असूनही शहरातून चोरीला जाणारा पैसा वाढलेला असू शकतो.

कुठला रकाना धरावा

माझ्या मते छोट्या शहराचा कल पाहायचा तर दोन रकाने बाकीच्यांपेक्षा भरवशाचे. पहिला वाहन चोरी. विम्याचा दावा एफआयआरशिवाय पुढे सरकत नाही, आणि विमा नसला तरी मालकाला भीती असते की आपल्या नंबरची गाडी उद्या एखाद्या भलत्याच गुन्ह्यात सापडेल. म्हणून तो नोंद केल्याशिवाय ठाण्यातून हलत नाही. दुसरा रात्रीची घरफोडी. तोडलेला कोयंडा आणि उचकटलेलं कपाट ‘गहाळ’ म्हणून नोंदवता येत नाही. ‘इतर चोरी’ हा रकाना मात्र ठाण्याच्या मनःस्थितीचा बॅरोमीटर आहे. या तिन्ही रेघा एकदम वर जात असतील तर काळजीचं कारण आहे. वाहन चोरी आणि घरफोडी जागेवर आणि ‘इतर चोरी’ दुप्पट झाली असेल, तर बहुधा ठाण्यात तक्रारी घेणारा कुणी बरा माणूस आलाय.

एकेक वर्ष न पाहता तीन-तीन वर्षांची सरासरी घ्यावी, आणि 2020 वेगळं ठेवावं. महिन्यांची तुलना करताना पंचांगही जवळ असू द्यावं. आषाढी एकादशी 2023 मध्ये 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जुलैला. पंढरपूरच्या जूनच्या चोऱ्या दोन्ही वर्षांच्या शेजारी मांडल्या तर एका जूनमध्ये वारीचा कळस आणि दुसऱ्यात साधा महिना. दिवाळीही कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात; गावी गेलेल्या लोकांची बंद घरं तिच्यामागोमाग सरकतात. तिथीनं चालणाऱ्या शहराला इंग्रजी महिन्यांत मोजलं की असे भूतबंगले दिसतात.

ज्याला आपल्या शहराचं खरंच पाहायचं आहे त्याला पत्रकार परिषदेची वाट बघायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर, संवेदनशील प्रकरणं सोडून, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’ असा भाग आहे. जिल्हा, ठाणं आणि तारखा निवडल्या की त्या उघडतात. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचा राज्यभराचा वार्षिक अहवालही असतो. छोट्या शहराचा फायदा इथे आहे: आकडे इतके कमी असतात की एक माणूस वहीत टाचणं काढत वर्षभराच्या घरफोड्या वाचून काढू शकतो.

वाचताना रकमेवर नजर जाईल, ती सोडून घटनेच्या वेळेचा रकाना बघा. तिथे एक तारीख नसते, दोन असतात: अमुक दिवशी सकाळी दहापासून तमुक दिवशी सायंकाळी सहापर्यंत. म्हणजे फिर्यादी घराला कुलूप लावून निघाला ती वेळ आणि परतला ती वेळ. सलग वीस-पंचवीस नोंदींमधलं हे अंतर एका ओळीत लिहून काढा. कुणी कामावर गेल्याचे आठ तास, कुणी लग्नाला गेल्याचे दोन दिवस, कुणी मुलाकडे गेल्याचे एकवीस.